लांबूनच होतं ते

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. सरकारी नकाशात ते दिसत नाहीत. सोयरीक जुळवताना, पिकांचा अंदाज बांधताना आणि उन्हाळ्यात कुणाकडे मुक्कामाला जायचं हे ठरवताना मात्र स्वच्छ दिसतात. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. घाटावरच्या माणसाला मे महिन्यात मलकापुरात काम निघालं की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. आमच्या सरांचा बाराही महिने होतो.

सर म्हणजे कम्प्युटरवाले सर. असे एक सर महाराष्ट्रात प्रत्येक तालुक्याच्या गावी असतात. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली, नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र लागू लागलं आणि एसटी स्टँडच्या आसपास, खाली झेरॉक्स आणि वर क्लास अशा पहिल्या मजल्यांवर ही जात वाढीला लागली. यांच्या शर्टाच्या खिशात पेन ड्राइव्ह आणि टेस्टर शेजारी-शेजारी असतात. गाडीच्या डिक्कीत क्रिम्पिंगचा पान्हा आणि पिशवीभर आरजे-पंचेचाळीसचे दात. लग्नात जेवायला बसले तरी पलीकडच्या पंगतीतून कुणीतरी ओरडतं, "सर, आधार लिंक होत नाही हो!" सर हातातला घास तसाच ठेवून ओटीपी विचारतात. पैसे घेत नाहीत. मागायला लाज वाटते म्हणून घेत नाहीत, आणि तेवढ्यासाठी गाव त्यांना मोठ्या मनाचे समजतं.

आमच्या सरांचं वेगळेपण एवढंच की त्यांना कुठलंही काम जवळून केलेलं आवडत नाही. कुणी बिघडलेला कॅबिनेट चादरीत गुंडाळून जिना चढून आला की ते दुखावतात. "आणला कशाला? लांबूनच होतं ते." हे त्यांचं पालुपद आहे. घरी देवघरातला दिवा मोबाइलवरून लागतो. वहिनी म्हणतात, "दिवा लांबून लागतो, पण निरांजनाची वात मलाच वळावी लागते." २०१९ साली टिपेश्वरचा वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन शेकडो मैल चालत आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला, तेव्हा सगळा जिल्हा वाघाबद्दल बोलत होता. सर एकटे पट्ट्याबद्दल बोलत होते. सिग्नल किती तासांनी येत असेल, बॅटरी किती टिकत असेल, उपग्रहाला पैसे कोण देत असेल. वाघ त्यांच्या लेखी त्या पट्ट्याचा स्टँड होता.

हे वेड त्यांना कम्प्युटरमुळे लागलं नाही, विहिरीमुळे लागलं. त्यांचं शेत मोताळ्याच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत. शेतीपंपाला थ्री फेज मिळायची ती पाळीपाळीने, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत दोन वाजता लाइन आली की सरांच्या बाबांनी कांबळं पांघरून, बॅटरी आणि काठी घेऊन मोटार सुरू करायला निघायचं. त्या बाजूला अस्वलं आहेत, आणि अस्वल हा प्राणी माणसाची ओळख विचारत बसत नाही. सर तेव्हा कॉलेजात होते. पुढे बाजारात मोबाइल स्टार्टर आला. सिमकार्ड असलेला डबा, त्याला मिस कॉल दिला की मोटार सुरू, पुन्हा दिला की बंद. सरांनी तो बसवला, आणि त्या रात्री बाबांनी खाटेवर पडल्या-पडल्या दोन मैलांवरच्या विहिरीची मोटार चालू केली. म्हातारा हसला, असं सर सांगतात. म्हातारं हसणारं नव्हतं, असंही सांगतात. तेव्हापासून लांबून काही चालू झालं की सरांच्या चेहऱ्यावर जे येतं ते आम्ही ओळखतो. त्याला हसायचं नाही, एवढं आमचं आपसात ठरलेलं आहे. बाकी सगळ्याला हसायची मुभा आहे.

तर सरांनी मलकापुरात दुसरी शाखा काढली. बुलढाण्याला रेल्वे नाही. खामगाव-जालना लाइनची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालू आहे आणि मागणी म्हणून ती उत्तम चालू आहे. त्यामुळे ज्याला जग बघायचंय तो मलकापूर स्टेशनावरच जातो, मग शाखाही तिथेच. राजूर घाट उतरून मोताळ्यावरून पंचेचाळीसेक किलोमीटर. तिथल्या क्लासात एक मेन मशीन. त्यात मुलांच्या फिया, परीक्षेचे फॉर्म आणि दोन-चार व्यापाऱ्यांची टॅली, कारण सर जीएसटीचंही बघतात. महिन्याची वीस तारीख जवळ आली की व्यापारी सरांना फोन करतात, सर बुलढाण्यातून रिमोटने मलकापूरच्या मशीनवर बसतात आणि रिटर्न भरतात. लांबूनच होतं ते. अडचण एकच. मशीन बंद असलं की लांबून होत नाही. आणि क्लास बारा वाजेपर्यंत बंद असतो.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, मशीन चालूच ठेवा. आम्ही म्हणालो. सर म्हणाले, मलकापूरचा उन्हाळा, बंद खोली, पंखा बंद, मशीन शिजून जाईल. हे खरं होतं. दुसरा शहाणा म्हणेल, तिथे सकाळी आठला झाडायला मावशी येतात, त्यांना फोन करून बटण दाबायला सांगा. हे आम्ही म्हणालो तेव्हा सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "बटण दाबायला माणूस लागत असेल तर मग आपण शिकलो कशाला?"

इथून पुढे वेक ऑन लॅन, म्हणजे बंद मशीनला नेटवर्कवरून हाक मारून उठवणं.

कम्प्युटरच्या मागे जिथे नेटची केबल खुपसतात ते नेटवर्क कार्ड. हल्ली ते मदरबोर्डवरच असतं. मशीन बंद केलं तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर पॉवर सप्लायच्या जांभळ्या वायरीवर पाच व्होल्ट येतच राहतात, आणि तेवढ्यावर कार्ड एक कान उघडा ठेवून पडून असतं. त्या कानाला एकच गोष्ट ऐकू येते, स्वतःचं नाव. नाव म्हणजे मॅक ॲड्रेस, ४८ बिटांचा, सहा जोड्यांत लिहिलेला. पहिल्या तीन जोड्या बनवणाऱ्या कंपनीच्या, पुढच्या तीन त्या कार्डाच्या. उठवणाऱ्या निरोपात आधी सहा वेळा एफएफ येतं आणि मग ते नाव लागोपाठ सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. वार्षिक परीक्षेच्या पहाटे आई पोराला हाका मारते तसाच हा प्रकार, पाचव्या-सहाव्या हाकेला कुणी उठत नाही हे त्या इंजिनिअरांनाही ठाऊक असावं. या निरोपाला मॅजिक पॅकेट म्हणतात. १९९५ च्या सुमारास एएमडी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून तो काढला, पुढे आयबीएम आणि इंटेलने उचलून धरला. मोठ्या कचेऱ्यांत शेकडो मशीन रात्री उठवायची, त्यांत नवं सॉफ्टवेअर भरायचं आणि सकाळी साहेब येण्याआधी पुन्हा झोपवायची, यासाठी ही सोय. सरांकडे मशीन एक होतं. पण सोय ती सोय.

सरांना वाटलं, एका रविवारी होईल.

पहिली गोष्ट अशी निघाली की लांबून उठवायची तयारी लांबून करता येत नाही. मशीन सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये शिरावं लागतं, आणि तिथे रिमोट पोचत नाही. बायोसमध्ये ईआरपी नावाची एक वीजबचतीची गोष्ट असते. युरोपातल्या नियमासाठी ती केलेली आहे. ती चालू असेल तर बंद मशीनला कार्डापुरतीसुद्धा वीज मिळत नाही. मलकापुरातलं मशीन युरोपचा नियम पाळत होतं. सर घाट उतरले, ईआरपी बंद केलं, घाट चढले. मशीन उठेना. मग कळलं की बायोसमध्ये पीसीआय-ईवरून पॉवर ऑन हेही चालू करावं लागतं. घाट उतरले. चढले. मग विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आडवं आलं. विंडोज आठपासून ते आहे. त्यात शटडाउन केलेलं मशीन खरं तर पुरतं बंद होत नाही, अर्धवट निजतं, आणि अशा अर्धवट निजलेल्याला मॅजिक पॅकेटने उठवायची विंडोजची तयारी नसते. तेही बंद केलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर जाऊन पॉवर मॅनेजमेंटमधल्या खुणा केल्या. ॲडव्हान्स्डमध्ये वेक ऑन मॅजिक पॅकेट, त्याच्याखाली शटडाउन वेक-ऑन-लॅन, दोन्ही चालू. घाट उतरायला लागू नये म्हणून सुरू केलेल्या या उद्योगात सरांनी जितके वेळा घाट उतरला, तितका त्यांनी आधी जन्मात उतरला नव्हता. राजूर घाटातल्या वळणावर कुठे मक्याचं कणीस चांगलं मिळतं हे ते आता सांगू शकतात.

आणि एवढं करून नाव चुकलं. मॅक ॲड्रेस त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून ठेवला होता. ती पत्रिका वहिनींनी रद्दीत दिली. पुन्हा घाट नको म्हणून सरांनी मावशींना फोन लावला. ही मलकापूर-बुलढाणा फोनाफोनी चहाच्या टपरीवर स्पीकर चालू ठेवून व्हायची, त्यामुळे ती आम्हा सगळ्यांची होती.

"मावशी, मशीनच्या मागं एक स्टिकर आहे. त्यावरचं वाचा."

"सर, मले इंग्रजी थोडंच येते. नातीचं पुस्तक पाहून शिकली मी. ए ॲपलचा हाय का पाहू?"

"पाहा. एकेक सांगा."

"डी डॉगचा. मंग आठ. मंग... हे आठ हाय का बी बॉलचा?"

"नीट पाहा, मावशी. डावीकडून सरळ आहे का गोल?"

"सरळ होतं, पण इथी पाल बसली होती कधी, तिचं हाय काहीतरी."

त्या स्टिकरच्या एका अक्षरावर दोन दिवस गेले. अखेर मावशींनी पदराने पुसून ते आठ असल्याचा निकाल दिला. सरांनी नाव दुरुस्त केलं.

यानंतर रोज सकाळी आठला फोन. बंद मशीनच्या मागे केबलपाशी हिरवा दिवा लागलेला दिसला पाहिजे, म्हणजे कार्ड जागं आहे, हे सरांनी मावशींना समजावलं होतं.

"मावशी, दिवा लागलाय का?"

"लागला ना. हिरवा लुकलुक करून राह्यला."

"आता मी इथून पाठवतो. पाहात राहा. पाठवलं. काही झालं?"

"नाही बाप्पा. लुकलुक करून राह्यला निस्ता. बटन दाबू का?"

"नाही! बटण नाही दाबायचं!"

"मी मशीनच्या पुढीच उभी हाय, सर. हात पुरते."

"हात लावू नका, मावशी!"

टपरीवाला हे ऐकून साखर दोनदा घालायचा.

आता यात खोच अशी की मशीन निजलं की त्याला आयपीचा पत्ता नसतो, म्हणून मॅजिक पॅकेट एकट्याला पाठवता येत नाही. ते त्या खोलीतल्या सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल असं मोठ्याने पाठवावं लागतं. आणि अशी बोंब राउटर बाहेरून आत येऊ देत नाही, आतून बाहेर जाऊ देत नाही. बुलढाण्यातली हाक मोताळ्याच्याही अलीकडे विरून जात होती. वर हल्ली नेटवाले देतात तो बाहेरचा पत्ता आपल्या एकट्याचा नसतो, पुष्कळ गिऱ्हाइकांत मिळून एकच असतो. लांबून येऊन या जिल्ह्याला खरोखर जागं केलं ते एकट्या लोणारच्या उल्केने. बाकी सगळं मध्ये कुठेतरी अडतं.

सरांनी तोड काढली. एक जुना मोबाइल मलकापूरच्या क्लासात कायमचा चार्जरला लावून ठेवायचा. तो तिथल्या वायफायवर. सर बुलढाण्यातून त्या मोबाइलला सांगणार, मोबाइल तिथल्या तिथे मशीनला हाक मारणार. म्हणजे एकाला झोपता यावं म्हणून दुसऱ्याने चोवीस तास जागायचं. आम्ही विचारलं, मग या मोबाइलला कोण उठवणार? सर म्हणाले, "तो झोपतच नाही." दुसऱ्या दिवशी तो झोपला. मावशींनी त्याचा चार्जर काढून स्वतःचा लावला होता. त्यांचा तरी काय दोष, खोलीत चालणारा प्लग एकच.

मग एक्स्टेन्शन बोर्ड आणला. तरीही रात्री ठीक असणारं कार्ड सकाळी मुकं. सरांनी ड्रायव्हर बदलला, जुना टाकला, पुन्हा नवा टाकला. केबल बदलली. लिनक्सवर ईथटूल चालवून बघितलं, तिथे कार्ड मॅजिक पॅकेटला तयार असल्याचं साफ दाखवत होतं. टपरीवर अक्षय्य तृतीयेची चर्चा चालू होती. भेंडवळच्या घटमांडणीत यंदा पाऊस काय सांगतात, कापूस काय सांगतात. कुणीतरी म्हणालं, सर, घटात एक दाणा कम्प्युटरच्या नावाचा ठेवायला सांगा. सर हसले नाहीत.

कारण सापडलं ते भिंतीवर. सर एकदा स्वतः मावशींच्या आधी क्लासात पोचले. दाराशेजारी, बटणांच्या बोर्डाच्या वर, लॅमिनेशन केलेली सूचना होती, ठळक टायपात: "जाताना सर्व स्विच बंद करावेत. आदेशावरून." आदेश सरांचाच. शाखा उघडली त्या दिवशी त्यांनीच टाइप करून, प्रिंट काढून, चार कोपऱ्यांना खिळे मारून लावलेला. शिपाई पोरगा रात्री क्लास बंद करताना इमानेइतबारे सगळी बटणं खाली पाडायचा. सकाळी मावशी आल्या की पंख्यासाठी सगळी वर करायच्या, आणि म्हणून त्यांना हिरवा दिवा दिसायचा. पण एकदा वीज तुटून आली की त्या मदरबोर्डवरचं कार्ड, विंडोज एकदा पूर्ण चालू होईपर्यंत, हाक ऐकायला बसतच नाही. दिवा लुकलुकतो, कान बंद. सरांचं सगळं शास्त्र रोज रात्री नऊ वाजता एका आज्ञाधारक पोराच्या बोटाखाली संपत होतं.

सूचना बदलली. "जाताना सर्व स्विच बंद करावेत (एक सोडून)." कोणता, हे विचारायला पोराने फोन केला, तेव्हा त्या बटणाला लाल टेप लावला. मावशींनी त्याला कुंकू लावलं. मावशींना त्यात गंमत वाटत नव्हती; जे बंद करायचं नाही त्याला कुंकू लावायचं, एवढा सरळ हिशेब.

आणि मग तो दिवस आला. सरांनी मशीन शटडाउन न करता स्लीपमध्ये टाकायचं ठरवलं होतं, लाल टेपचं बटण रात्रभर वर होतं, जुना मोबाइल जागा होता. टपरीवर आम्ही सहा-सात जण. सरांनी मोबाइलवर बोट टेकवलं. आठ वाजून गेले होते. फोन स्पीकरवर.

"मावशी?"

"हाव सर! झालं! चालू झालं! टीव्ही लागला!"

सरांच्या चेहऱ्यावर ते आलं. टपरीवाल्याने सगळ्यांना चहा फुकट दिला, जे राजूर घाटात बर्फ पडण्याइतकं दुर्मिळ आहे. सर काही बोलले नाहीत, फक्त आभाळाकडे बघितलं. मग सवयीने रिमोटने मशीनवर गेले, काळी खिडकी उघडली आणि पॉवरसीएफजी लास्टवेक असा हुकूम टाइप केला. मशीन शेवटचं कुणी उठवलं, हे विंडोज त्यावर सांगतं. खोटं बोलत नाही. उत्तर आलं: पॉवर बटण.

सरांनी पुन्हा फोन लावला. या वेळी स्पीकर बंद होता, पण मावशींचा आवाज मलकापूरचा आहे.

"मीच दाबलं, सर. तुमी किती दिवसाचे परेशान होऊन राह्यले. मले पाह्यवलं नाही."

यावर माणसाने काय बोलावं? सर "बरं" म्हणाले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं वाक्य आहे.

पुढे चार-सहा दिवसांत ते खरंच जमलं. लास्टवेकवर नेटवर्क कार्डाचं नाव आलं, सरांनी त्याचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवला. कुणाला काही कळलं नाही. तिघांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. मग एक नवीनच सुरू झालं. फक्त मॅजिक पॅकेटनेच उठ, ही एक खूण करायची राहून गेली होती, त्यामुळे नेटवर्कमध्ये जरा कुजबुज झाली की मशीन उठून बसायचं. मलकापुरातल्या क्लासाशेजारच्या दुकानदाराचा रात्री साडेबाराला फोन आला, "सर, तुमच्या क्लासात रात्री कोन बसते? काचेतून उजेड दिसते." ती खूण लांबून करता आली, एवढंच त्या प्रकरणातलं समाधान.

मे संपत आला. वादळी पावसाचे दिवस, घाटाखाली लाइन जाते, येते, जाते. लाइन गेली की निजलेलं मशीन खरोखरचं मरतं, आणि लाइन आली तरी कार्ड बहिरंच राहतं. वीस तारीख आली, व्यापाऱ्याचं रिटर्न अडलं, सर डोकं धरून घरी बसले. बाबा अंगणात खाटेवर होते. त्यांनी विचारलं, काय झालं. सरांनी सांगितलं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग त्याले ऑटो नाही का बसवत येत?"

शेतकऱ्यांच्या मोटारीला ऑटो असतो. लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते, कुणी मिस कॉलसुद्धा द्यायला नको. सर गप्प झाले. कारण बायोसमध्ये तसंच एक आहे. वीज जाऊन आली तर काय करायचं, असा तो प्रश्न. बंद राहा, आधी होतं तसं राहा, किंवा चालू हो, ही तीन उत्तरं. ते त्यांनी पहिल्याच रविवारी पाहिलं होतं आणि पुढे सरकले होते. त्यात लांबून करण्यासारखं काही नव्हतं.

सर घाट उतरले आणि तिसरं उत्तर निवडून आले. आता लाइन आली की मशीन चालू होतं. पहाटे तीनला आली तर पहाटे तीनला होतं, कामाचं झालं की सर इथून त्याला निजवतात. रिटर्न वेळेवर जातात. मॅजिक पॅकेटही व्यवस्थित चालतं, पण त्याची वेळ क्वचितच येते, कारण मलकापुरात दिवसातून एकदा तरी लाइन जाऊन येतेच. कुणी विचारलं, "सर, काय म्हणतं वेक ऑन लॅन?" तर सर म्हणतात, "चालू आहे," आणि विषय बदलतात. सध्या ते क्लासात कॅमेरा लावायच्या मागे आहेत. मशीन चालू झालं की नाही ते बुलढाण्यातून दिसलं पाहिजे म्हणतात.

गावोगावच्या सरांना एकच सांगणं आहे. हे करणार असाल तर वायफायच्या नादी लागू नका, केबल लावा. ईआरपी आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद करा. मॅक ॲड्रेस लग्नपत्रिकेवर लिहू नका. आणि सगळ्यात आधी भिंतीवरची स्वतःचीच सूचना वाचा. बाकी, सकाळी आठला झाडायला येणाऱ्या मावशींचा पगार आमच्या सरांनी दिवाळीपासून दोनशेंनी वाढवला आहे. तुम्ही दिवाळीची वाट पाहू नका.